सही बायकांची, इंजिन कुणाच्या पसंतीचं?

मैत्रिणींनो, घरात फ्रीज घ्यायचा असला की आपल्याला विचारतात. किती लिटरचा हवा, भाजीचा कप्पा मोठा आहे ना, वगैरे. मिक्सर तर सगळा आपलाच प्रांत. पण गाडी घ्यायची म्हटली, त्यातून माल वाहायची पिकअप, की बैठक बाहेरच्या खोलीत बसते आणि आपण चहा घेऊन जायचं. 'बायकांना इंजिनातलं काय कळतं?' असं हल्ली तोंडावर कुणी म्हणत नाही, पण गृहीत धरलेलं असतंच. गंमत अशी, की अलीकडे कर्जाच्या कागदावर सही मात्र आपली असते. बाईच्या नावावर किंवा महिला बचत गटाच्या नावावर कर्ज घेतलं तर कुठे अनुदान मिळतं, कुठे व्याजात सूट मिळते. म्हणून नाव आपलं. निवड त्यांची. आणि हप्ता थकला तर बँकेचा माणूस सही करणारीच्या दारात उभा राहतो, सल्ला देणाऱ्याच्या नाही. मला हा व्यवहार पटत नाही. सही आपली असेल तर इंजिन कोणतं, हेही आपणच ठरवायला हवं. आणि ते ठरवता येतं, अगदी महिन्याच्या किराण्याच्या हिशेबासारखं.

हे लिहायला कारण झालं आमच्या वाई तालुक्यातला एक बचत गट. मी ज्या गटांबरोबर काम करते त्यातला हा जुना. बाराजणी आहेत. मसाले, पापड, स्ट्रॉबेरीचा जाम आणि सरबतं करतात. आठवड्यातून दोनदा माल पसरणीचा घाट चढून पाचगणीला हॉटेलांत आणि दुकानांत जातो, दोनदा साताऱ्याला, बाकीचे दोन दिवस वाई आणि आसपासची गावं. इतकी वर्षं भाड्याचा टेम्पो होता. सीझनला टेम्पोवाला मिळायचा नाही, मिळाला तर भाडं वाढवून मागायचा. शेवटी स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं. सगळं धरून सात लाखांच्या घरात जाणारा खर्च. बाराजणींच्या घरून बारा सल्ले आले, पण सूर एकच. 'डिझेलच घ्या. आणि घ्यायचीच तर मोठी घ्या, ताकदीची.'

आता हा सल्ला वाईट मनाने दिलेला नाही बरं का. तो जुना आहे, एवढंच. २००५ साली टाटांची 'एस' आली, आपण सगळे जिला छोटा हत्ती म्हणतो ती, तेव्हा तिच्यात दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिनच होतं. त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त असायचं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ रुपये होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! मग डिझेल सोडून दुसरं कोण काय घेणार? पण २०१३ पासून डिझेलचे भाव दर महिन्याला थोडे थोडे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पूर्ण मोकळे झाले. आज दोन्हींतला फरक त्याच्या निम्म्यावरही राहिलेला नाही. सल्ला मात्र घराघरात तसाच राहिला, आजेसासूबाईंच्या वेळच्या मापट्यासारखा.

दुसरा बदल एप्रिल २०२० चा. १ तारखेपासून नव्या गाड्यांना बीएस-६ चा नियम लागू झाला. धूर स्वच्छ करायचा तर डिझेल इंजिनाला बरंच काही जोडावं लागतं. त्यामुळे छोट्या डिझेल गाड्या महागल्या, काहींनी तर त्या बंदच केल्या. मारुतीची 'सुपर कॅरी' २०१६ मध्ये आली तेव्हा डिझेलवर होती. २०२० मध्ये कंपनीने डिझेल इंजिनंच सोडून दिली. आज ती पेट्रोल आणि सीएनजीवर मिळते.

मी बी. ए., तेही मराठी घेऊन. टॉर्क हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो टॉर्चचा भाऊ वाटला. पण आमच्या ओळखीच्या गॅरेजमधल्या फिटरकाकांपुढे तासभर बसलं की सगळं उलगडतं. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, आठवतंय ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हीच हवा सोळा-अठरा पट दाबतात. ती इतकी तापते की डिझेलचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनात एवढा दाब नसतो, तिथे प्लगची ठिणगी लागते. सीएनजीची गाडी म्हणजे मुळात पेट्रोलचंच इंजिन, त्याच प्लगवर चालणारं, फक्त आत पेट्रोलऐवजी गॅस जातो. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचं इंजिन जड बांधणीचं आणि महाग. पण त्याच दाबामुळे थेंबाथेंबातून जास्त काम काढून घेणारं.

आणि टॉर्क म्हणजे काय? जात्याचा खुंटा धरून भरलेलं जातं फिरवायला जो जोर लागतो, तो टॉर्क. दळण किती भरभर होतं, ती हॉर्सपॉवर. माल भरलेली गाडी जागची हलवायला आणि चढ चढायला जोर लागतो. तो जोर डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच देतं, पेट्रोलला त्यासाठी रेस वाढवावी लागते. गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा न्यूटन मीटरमध्ये दिलेला असतो आणि पुढे किती आरपीएमवर, तेही असतं. ती ओळ जरूर वाचा. सुपर कॅरीचंच बघा. तेच इंजिन पेट्रोलवर १०४ न्यूटन मीटर देतं आणि सीएनजीवर ९५. गॅस आत शिरला की हवेची जागा खातो, म्हणून जोर थोडा घटतो. शिवाय गॅसची टाकी लोखंडाची, जड. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीत ७४० किलो माल चालतो, तर सीएनजीच्या गाडीत ६२५. शोरूममध्ये हे आपणहून कुणी सांगत नाही. विचारावं लागतं. मोठ्या बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क दोनशेच्या घरात जातो. म्हणजे घरची मंडळी 'ताकदीची घ्या' म्हणत होती ते खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच, की एवढी ताकद आम्ही कशाला वापरणार होतो?

म्हणून आम्ही आधी शोरूमला गेलोच नाही. महिनाभर एक वही केली. कोणत्या दिवशी कुठे फेरी, किती किलोमीटर, किती वजन, गाडी थांबून किती वेळ. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने छान रकाने आखून दिले. महिन्याच्या शेवटी आकडा निघाला साधारण बाराशे किलोमीटर. वजन जास्तीत जास्त सहा क्विंटल, तेही फक्त पाचगणीच्या फेरीला आणि सीझनला. एरवी तीन-चार. बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, ''अहो, म्हणजे दीड टनाची गाडी घेऊन आपण तिच्यात हवाच वाहणार की!'' माझ्या मते, त्या दिवशी निम्मा निर्णय तिथेच झाला.

मग हिशेब. यातले भाव आणि अ‍ॅव्हरेज आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या पंपावरचे आणि गाडी वापरणाऱ्यांना विचारून मिळालेले घाला. जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज धरू नका, ते रिकाम्या सपाट रस्त्यावरचं स्वप्न असतं. पेट्रोल १०५ रुपये आणि भरलेली गाडी लिटरला १३ किलोमीटर, तर बाराशे किलोमीटरला महिना जवळजवळ ९,७०० रुपये. छोटं डिझेल, ९० रुपये भाव आणि १६ चं अ‍ॅव्हरेज, तर ६,७५० रुपये. सीएनजी, किलोला ९० आणि १८ किलोमीटर, तर ६,००० रुपये. (सीएनजी किलोवर मिळतो हे लक्षात ठेवा. लिटर आणि किलोची गल्लत करून सांगणारे खूप.) आणि ती मोठी डिझेल पिकअप, लिटरला ११ धरली, तर ९,८०० रुपये. म्हणजे पेट्रोलपेक्षाही जास्त! 'डिझेल म्हणजे स्वस्त' हे वाक्य इथे पार आडवं झालं.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणींची धाव बाराशे किलोमीटर नसेल. समजा, तुमचं डब्यांचं किंवा बेकरीच्या मालाचं काम आहे आणि महिन्याला पाचशे किलोमीटरच होतात. डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर महाग पडते असं धरा. पाचशे किलोमीटरला वाचतात साधारण बाराशे रुपये. लाख रुपये वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं लागतील! तोवर हप्ते संपून गाडीला रंग लावायची वेळ येईल. बाराशे किलोमीटरला तोच लाख तीन वर्षांच्या आत वसूल होतो. एकच इंजिन एका बाईला परवडतं आणि शेजारणीला बुडवतं. म्हणून 'अमक्याकडे डिझेल आहे, छान चाललंय' यावर जाऊ नका. तो किती धावतो ते विचारा.

शिवाय थोड्या धावेच्या डिझेलला आणखी एक दुखणं. बीएस-६ च्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते तशी ती भरत जाते. मग इंजिन चांगलं तापलं, धूर कडक गरम झाला, की काजळी जळून जाळी मोकळी होते. पण गाडी जर बाजारपेठेत दोन किलोमीटर चालली, थांबली, पुन्हा दोन किलोमीटर, तर ती पुरती तापतच नाही. जाळी तुंबते, समोर दिवा लागतो आणि गॅरेजची वारी होते. दिवा लागला तर हयगय न करता गाडी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवून आणायची असते, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. रोज लांब पल्ला करणाऱ्याला हा त्रास नाही. वाईहून वाशीच्या मार्केटला भाजी नेणारा शेतकरी रात्री निघतो, दोनशेहून जास्त किलोमीटर सलग चालवतो, गाडी भरलेली. त्याने डिझेलच घ्यावं. गावातल्या गावात पाण्याचे जार पोचवणारीने मुळीच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सीएनजी लगेच पसंत का नाही पडला? कारण पंप. आम्हाला सोयीचा पंप महामार्गावर. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर, आणि रांग असली तर अर्धा-पाऊण तास वेगळा. एका भरण्यात दोनशेच्या आत-बाहेर किलोमीटर होतात, म्हणजे महिन्याला सहा वेळा भरायचा. नुसता गॅस भरायला सहा वेळा गेलं तर दीडशे किलोमीटर फुकट, साडेसातशे रुपये गेले आणि माणसाचा वेळ निराळा. पण वही उघडल्यावर दिसलं, की साताऱ्याची फेरी आठवड्यातून दोनदा आहेच आणि ती महामार्गावरूनच जाते. त्याच फेरीत टाकी भरायची. वेगळी खेप नको. सीएनजीचा सगळा हिशेब या एका प्रश्नावर उभा असतो : पंप तुमच्या वाटेवर आहे की वाकडी वाट करायची? वाकडी वाट असेल तर स्वस्त गॅस स्वस्त राहत नाही.

गॅसच्या गाडीत पेट्रोलची छोटी टाकी असते, पाच लिटरची वगैरे. गॅस संपला तर ती घरी आणते. घाट अवघड वाटला तर पेट्रोलवर टाकून चढवता येते, हीही सोय. टाकी कंपनीनेच बसवलेली घ्यावी. बाहेरून बसवली तर आर. सी. बुकात आरटीओकडून नोंद हवी आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं, नाहीतर अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते. ते नियमातच आहे. आत दोनशे बार दाबाने गॅस भरलेला असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. आपण घरचा शेगडीचा पाइप बदलायला विसरत नाही, तसंच हे.

विजेच्या गाडीबद्दल आमच्याकडे सुरुवातीला नुसतं हसणं झालं. 'खेळण्यातली गाडी घाट चढणार होय?' मला हसू आलं नाही. विजेची मोटार पहिल्या फेरीपासून पूर्ण जोर देते, गिअर बदलायची कटकट नाही, आणि खर्च बघा. युनिटला ६ किलोमीटर आणि दहा रुपये दर धरला तर बाराशे किलोमीटरला २,००० रुपये! यातलं एकही इंजिन याच्या जवळपास येत नाही. मे २०२२ मध्ये एसची विजेवरची गाडी आली. तिची बॅटरी २१.३ युनिटची आणि कागदावरची रेंज १५४ किलोमीटर. भरलेल्या गाडीला, घाटात, त्यापेक्षा कमीच मिळणार. साताऱ्याची पंचाहत्तर किलोमीटरची फेरी तरीही बसते. अडलं ते दुसरीकडे. गाडीची किंमत आमच्या कर्जाच्या बाहेर जात होती, आणि गाडी जिथे रात्री उभी राहणार त्या शेडमध्ये वीज घरगुती, पावसाळ्यात आठ-आठ तास जाणारी. सकाळी हॉटेलवाल्याला 'रात्री लाइट नव्हती' असं सांगून चालत नाही. पण जिथे वीज भरवशाची आहे, फेरी रोज ठरलेली आणि छोटी आहे, तिथल्या बायकांनी हा पर्याय सगळ्यात आधी तपासावा. घाटाची चेष्टा करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

राहता राहिलं साधं पेट्रोल. त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण किंमत कमी, यंत्र सोपं, गावातल्या कुठल्याही फिटरला येणारं. थोडी धाव असेल तर मला ते डिझेलपेक्षा कधीही बरं वाटतं.

'मोठी घ्या, कधी जास्त माल टाकायचा झाला तर?' हा प्रश्न शेवटपर्यंत येत राहिला. जास्त म्हणजे पासिंगपेक्षा जास्त ना? तर २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून क्षमतेपेक्षा जादा माल भरला तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका दंडात तीन महिन्यांचा गॅस जातो. सीझनचे चार-सहा दिवस दोन फेऱ्या कराव्यात किंवा जादा टेम्पो भाड्याने घ्यावा. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी कुणी घराला मजला चढवत नाही.

शेवटी गटाने गॅस-पेट्रोलची छोटी गाडी पसंत केली. पण एका अटीवर. ट्रायल रिकाम्या गाडीची नको. शोरूमवाले आधी बिचकले. 'ताई, असं कुणी करत नाही,' म्हणाले. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, ''साडी घेताना आम्ही घडी मोडून बघतो, मग सात लाखांची गाडी न बघता कशी घेऊ?'' शेवटी त्यांचा माणूस बरोबर देऊन सहा क्विंटलची पोती हौद्यात टाकून पसरणीचा घाट चढवला. गॅसवर. मधल्या एका वळणावर मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करायला लावली, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गाड्यांची रांग लागतेच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत चढली, वेळ थोडा जास्त लागला, पण मागे सरली नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. वाजवू देत.

बुकिंगची पावती गटाच्या नावाने झाली आहे. ड्रायव्हर ठेवायचा तर महिन्याचा पगार गॅसच्या खर्चाच्या दुप्पट, म्हणून दोघीजणी गाडी शिकताहेत. त्यातही घाबरवणारे भेटलेच : 'मालाच्या गाडीला वेगळं लायसन्स लागतं.' तसं नाही. एकूण वजन साडेसात हजार किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. दोघींची शिकाऊ लायसन्सं आली आहेत. एकीच्या सासूबाईंनी अट घातली आहे, की पहिले सहा महिने अंधार पडल्यावर घाटात जायचं नाही. ती गटाच्या बैठकीत मंजूर होऊन वहीत लिहिली गेली आहे.